वन्संच्या दोन गिटारी

लग्न होऊन ह्या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मला वाटलं, मागच्या खोलीत कोणीतरी लोखंडी गज कापतंय. नवऱ्याला विचारलं, घरात काम काढलंय का? तो पेपर वाचत होता. "ताई आहे, वाजवतेय," म्हणाला आणि पान उलटलं.

ही ताई म्हणजे माझी नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. हल्ली असं कोणी म्हणत नाही. मीसुद्धा सुरुवातीला टोमणा म्हणूनच म्हणायला लागले, पण त्यांना ते इतकं आवडलं की माझा टोमणा फुकट गेला. त्या मला ड्रायव्हर म्हणतात, कारण मी शाळेची बस चालवते. बसमध्ये चाळीस पोरांच्या वर आवाज चढवायची सवय असल्यामुळे माझं साधं बोलणंही लोकांना भांडण वाटतं. वन्संना वाटत नाही, म्हणून आमचं जमतं.

वन्संचं वय सत्तावन्न. लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं तर "वेळ मिळाला नाही" असं सांगतात, आणि विचारणाऱ्याकडे असं बघतात की पुढचा प्रश्न त्याच्या घशातच राहतो. बत्तीस वर्षं त्या एकाच लॅबमध्ये दात बनवतात. डॉक्टर माप घेतो, ते माप लॅबमध्ये येतं, त्यावरून वन्सं कॅप करतात, कवळ्या करतात. शहरातली निम्मी म्हातारी माणसं वन्संच्या दातांनी जेवतात, हसतात, आणि आमच्या इमारतीतले दोघे-तिघे तर वन्संच्याच दातांनी वन्संविरुद्ध तक्रार करतात.

तक्रार गिटारीची. साधी, स्वच्छ वाजणारी गिटार वन्संना आवडत नाही. "न्हाऊन-माखून, भांग पाडून आल्यासारखी वाजते," असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवा तो फाटलेला, खरखरीत, अंगावर येणारा आवाज. अॅम्पवर, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावर, गेनचा खुंटा असतो. तो जितका फिरवाल तितका आवाज आतल्या आत दाबला जाऊन फाटतो, आणि त्या फाटण्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. हे सगळं मला त्यांनी शिकवलं. शिकायची मला काही हौस नव्हती, पण एका घरात राहिलं की कानावर पडतंच. इमारतीच्या समितीने जिन्यात नोटीस लावली होती, संध्याकाळी आठनंतर वाद्य वाजवू नये. वन्संनी खाली पेनने लिहिलं, "आठपर्यंत वाजवावे." ती नोटीस अजून आहे.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या हातून चहाचे कप निसटायला लागले. पहिल्या कपाला मी काही बोलले नाही. तिसऱ्या कपाला माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी म्हटलं, "वन्सं, आता स्टीलचे आणू का?" त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. करंगळीच्या शेजारचं बोट, ज्याला त्या तिसरं बोट म्हणतात, पेरापासून टोकापर्यंत पांढरंफटक पडलं होतं. मी दाबून बघितलं. "काही कळतंय?" "कळलं असतं तर कप पडला असता का?" त्या म्हणाल्या.

डॉक्टरकडे मीच नेलं. त्याने सुई टोचून बघितली, हात गरम-गार पाण्यात बुडवून बघितला आणि सांगितलं, की बत्तीस वर्षं घासायच्या मशीनची थरथर हातांत मुरली आहे. उजव्या हातात मशीन, डाव्या हातात कवळी, थरथर दोन्ही हातांना मिळते. गेलेली संवेदना बहुतेक परत येणार नाही. वन्संनी विचारलं, "आणि गिटार?" डॉक्टर म्हणाला, "ती सोडा असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांत, वर्षात बोटंच नाही म्हणतील."

परत येताना मी समजूत घालायच्या तयारीत होते. चार चांगली वाक्यं मनात जुळवूनही ठेवली होती. वन्संच आधी बोलल्या. "सहा महिने देणारा हा कोण? मी मागितले होते का?" आणि मग, "पुढच्या चौकात थांबव. मला एक चांगला माइक घ्यायचाय."

त्यांनी पाच गाणी लिहून ठेवली होती. वीस वर्षांत फक्त मागच्या खोलीने ऐकलेली. बोट चालतंय तोवर ती रेकॉर्ड करायची, एवढं त्यांनी ठरवलं. खोलीत अॅम्प कपाटाकडे तोंड करून ठेवला, कपाटाची दारं उघडी, आत जुन्या रजया, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येणार नाही. माइक हलवायचं काम माझ्याकडे. स्पीकरच्या मधोमध धरला की आवाज टोचतो, कडेला नेला की गुदमरतो. ह्या दोन्हींच्या मधे बोटभर जागा असते, ती सापडेपर्यंत मी गुडघ्यांवर बसून माइक सरकवत राहायचे आणि वन्सं वाजवता वाजवता मानेने नाही म्हणायच्या. बेस गिटार आमच्या ह्यांनी वाजवली. तिला चार तारा असतात, त्यांतल्या ह्यांना दोनच माहीत आहेत, पण त्या दोन अगदी चोख. ड्रम कॉम्प्युटरचे. गळा वन्संचा, तोही काही भांग पाडलेला नाही.

गिटार मात्र प्रत्येक गाण्यात चार वेळा वाजवायची, असं त्यांचं म्हणणं. तोच भाग पुन्हा वाजवायचा, आणि थरावर थर ठेवायचे, म्हणजे भिंत उभी राहते. पाचही गाण्यांचा पहिला थर झाला, मग पाचांचा दुसरा, मग तिसरा. चौथा थर संपेपर्यंत उन्हाळा आला. शेवटच्या दिवशी त्या बाहेर आल्या, गिटार पेटीत घातली आणि पेटीची कडी मला लावायला सांगितली, कारण त्यांना ती लागेना. मला रडू फुटलं. त्यांना नाही फुटलं, आणि त्याचा मला रागच आला.

आता पुढचं. आमच्या शहराच्या रेडिओवर घरी केलेल्या गाण्यांचा एक तासाचा कार्यक्रम होणार होता. गाणी निवडायचं काम एका स्टुडिओवाल्याकडे होतं. त्याच्या स्टुडिओत मोठी काच आहे, काचेच्या अलीकडे तो आणि पलीकडे गाणारा, म्हणून मी त्याला काचवाला म्हणते. त्याची मुलगी माझ्या बसमध्ये असते. मी वन्संना न विचारता त्याच्याशी बोलले, वेळ ठरवली आणि मग त्यांना सांगितलं. त्या दीड दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग आल्या.

पाचांतलं "आ करणार नाही" हे गाणं त्यांनी नेलं. सगळे जण एका बाईला तोंड उघड म्हणतात आणि ती उघडत नाही, एवढाच गाण्याचा विषय. बत्तीस वर्षं दातांच्या धंद्यात काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! काचवाल्याने ते मोठ्या स्पीकरवर लावलं. अर्ध्यात थांबवलं.

"मॅडम, ह्यात गिटार कुठे आहे?"

"सगळीकडे आहे," वन्सं म्हणाल्या.

"तीच तर अडचण आहे. चार थर, आणि सगळ्यांना गेन भरपूर. एवढी खरखर एकावर एक ठेवली की ती स्वतःलाच खाते. हा नुसता टेबलफॅन झालाय. गिटारमधून थेट निघालेला, अॅम्पच्या आधीचा कोरा आवाज वेगळा ठेवलाय का?"

"नाही."

"मग अवघड आहे. तळलेलं परत कच्चं होत नाही. पुन्हा वाजवा, गेन निम्म्यावर ठेवून."

मी तोंड उघडलं. वन्संनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. "पुन्हा वाजवणार नाही," त्या म्हणाल्या, आणि का ते सांगितलं नाही.

काचवाला माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला भांडता आलं असतं. त्याने शांतपणे सांगितलं, की त्याच्याकडे एक वादक आहे, तो एका दुपारी सगळं वाजवून देईल, चोख तालात. गळा वन्संचा राहील, शब्द वन्संचे, नाव वन्संचं. "रेडिओवर गिटार कोण वाजवतंय ते दिसत नाही," तो म्हणाला.

"मला ऐकू येतं ना," वन्सं म्हणाल्या आणि उठल्या.

दारापर्यंत गेल्यावर त्यांनी वळून विचारलं की यादी कधी जाणार. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी. "त्याच्या आत आणते. हीच गिटार, हेच बोट," त्या म्हणाल्या. काचवाल्याने खांदे उडवले. ते मला अजून आठवतं, कारण मी त्याच्या मुलीला उद्या बसमध्ये मागे बसवायचं मनात ठरवलं होतं. बसवलं नाही, ती बिचारी.

गाडीत बसल्यावर मी सुटले. "बोटाचं सांगितलं का नाही? माणूस समजून घेतो."

"समजून घेतलं असतं आणि दयेने घेतलं असतं. मला गाण्याच्या जोरावर घ्यायला हवं." त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "तो म्हणतो ते खरं आहे. गेन मी वाढवला. बोट जसजसं दगा द्यायला लागलं तसतसा वाढवत गेले. गेन चढवला की हळू वाजलेलं, जोरात वाजलेलं सगळं एका पातळीला येतं, चुका बुडून जातात. चौथ्या थराला खुंटा शेवटाला टेकला होता."

"म्हणजे झाकायला?"

"झाकायला. लॅबमध्ये कोणी भेग झाकायला वरून थर चढवला असता तर मी ती कवळी त्याच्या समोर फोडली असती."

पहिला आठवडा नुसता वैतागात गेला. लॅबमधून आल्यावर सहा ते आठ त्या कॉम्प्युटरपुढे बसायच्या. समोर बटणांची छोटी पाटी, प्रत्येक थराला एक सरकपट्टी आणि वर एक बटण. ते दाबलं की बाकी सगळं बंद होऊन तेवढाच थर ऐकू येतो. वन्सं गिटारीचं बटण दाबायच्या आणि ती एकटी सजवत बसायच्या. खालचा जाडपणा वाढव, वरची धार वाढव. एकटी गिटार अशी वाजायची की माझ्या स्वयंपाकघरातली झाकणं थरथरायची. मग ड्रम, बेस आणि गळा सुरू केला की सगळ्याचा चिखल. पुन्हा गिटार एकटी, पुन्हा सुंदर. पुन्हा चिखल. मी हात टेकले होते. आमचे हे म्हणाले, "ताईला सांग, नाद सोड." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते पुन्हा पेपर वाचायला लागले.

एका दुपारी वन्सं चष्मा घरी विसरल्या म्हणून मी तो द्यायला लॅबमध्ये गेले. त्यांच्या हाताखालच्या मुलीने नुकतीच एक कॅप करून आणली होती. तळहातावर ठेवलेला दात इतका सुबक होता, की मी म्हटलं, वा! प्लास्टरचे दोन जबडे बसवलेलं एक यंत्र असतं, त्यात वन्संनी तो दात जागेवर बसवला, मध्ये निळा कागद घातला आणि जबडा मिटला. उघडला तर दाताच्या टोकावर निळा ठिपका. "हातावर छान आहे," त्या मुलीला म्हणाल्या, "ह्याने माणसाचं तोंड मिटणार नाही. शेजारचे दात कशाला असतात?" मशीन घेऊन ठिपका घासला, पुन्हा कागद, पुन्हा ठिपका, पुन्हा घासला. दात दिसायला आधीइतका सुंदर राहिला नाही, पण जबडा टच्च मिटला.

आणि वन्सं तशाच थांबल्या, हातात मशीन चालू. मुलीने विचारलं, काय झालं? त्यांनी मशीन बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. "ड्रायव्हर," त्या म्हणाल्या, "मी आठ दिवस घरी काय करतेय?"

संध्याकाळी त्या लॅबमधलं गुलाबी मेण घेऊन आल्या, कवळीच्या हिरडीचा साचा करतात ते. मेणबत्तीवर गरम केलं आणि पाटीवरच्या एकेक थर सुटा ऐकायच्या सगळ्या बटणांवर थापून टाकलं. गिटार एकटी ऐकणं बंद. जे करायचं ते सगळ्यांच्या गर्दीत ऐकून करायचं. आवाजही हळू, इतका हळू की शेजारी बसून गप्पा मारता याव्यात. मोठ्याने ऐकलं की काहीही चांगलं वाटतं, असं त्या म्हणाल्या.

मग घासणं सुरू झालं. गिटारीच्या तळातला जाड भाग त्यांनी कापून टाकला, तो बेसचा. आमच्या ह्यांना आपलं वाजवलेलं पहिल्यांदाच नीट ऐकू आलं आणि ते दोन दिवस घरात छाती काढून फिरत होते. वरची फसफस कापली, तिने गळ्यावर पडदा टाकला होता. मधे एक कर्कश जागा होती, ती सापडेना. तर वन्संनी सुरांचा एक बारीकसा पट्टा मुद्दाम वाढवला आणि तो खालून वर सावकाश सरकवत नेला. एका ठिकाणी कानात सुई गेल्यासारखं झालं. "हा निळा ठिपका," त्या म्हणाल्या आणि तेवढाच दाबला. गिटार एकटी ऐकली असती तर आता किरकोळ वाटली असती. ऐकायची सोय नव्हती, बटणावर मेण होतं.

आणि तिसरा-चौथा थर त्यांनी काढून टाकला. पाच महिन्यांतले दोन महिने एका क्षणात बाद. माझा जीव खालीवर झाला. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गाणं मला ऐकवायला म्हणून त्या माझ्या बसमध्ये आल्या. सकाळची पोरं उतरवून झाली होती, बस आगारात उभी, बाकं रिकामी. मी गाणं लावलं. चांगलं वाटलं. गिटार ओळखू येत होती, शब्द कळत होते. पण काहीतरी कमी होतं. बसच्या रेडिओला आवाज डावी-उजवीकडे फिरवायचा खुंटा आहे, मागची पोरं ओरडायला लागली की मी तो वापरते. मी तो पूर्ण डावीकडे नेला. मग पूर्ण उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"वन्सं, दोन्हीकडे एकच बाई वाजवतेय का?"

त्या खिडकीच्या काचेवर बोटाने रेघ ओढायला लागल्या.

"मला ह्यातलं कळत नाही, पण डावीकडे ऐकलं तेच उजवीकडे ऐकू येतंय. काडीचा फरक नाही."

"पहिलाच थर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याचीच नक्कल उजवीकडे ठेवलीये."

"मग ते मधूनच आल्यासारखं का वाटतं?"

"कारण कान फसत नाही. दोन्हीकडून हुबेहूब तेच आलं की तो म्हणतो, गिटार एकच आहे आणि ती मधे आहे. खरंच दोनदा वाजवलेलं असलं, केसभर पुढेमागे, की दोन बाजूंना दोन गिटारी उभ्या राहतात. फरक असावाच लागतो."

"दुसरा थर आहे की."

"त्यात तिसऱ्या कडव्यात बोट घसरलंय. गेन चढवायच्या आधीचा आहे तो, वर झाकायलाही काही नाही. उघडा पडेल."

माझं डोकं फिरलं. मी इंजिन बंद केलं आणि चाळीस पोरांचा आवाज काढला. "काचवाल्याच्या वादकाला नको म्हणून तोंडावर सांगून आलात. का, तर तुमचं बोट पाहिजे! आणि आता स्वतःच स्वतःची चांगली नक्कल उभी करून खरं बोट बाहेर ठेवताय. मग तो वादक काय वाईट होता? तो निदान खरं तरी वाजवेल!"

वन्सं उठल्या, बसमधून उतरल्या आणि पायी लॅबला गेल्या. तीन किलोमीटर आहे. मी हाकसुद्धा मारली नाही. मला वाटलं, जास्त बोलले. मग वाटलं, बरोबर बोलले. दिवसभर असंच चालू होतं आणि एका वळणावर माझी बस फुटपाथवर चढता चढता राहिली.

दोन दिवस त्या जेवायला बसायच्या आणि ताट बघायच्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या खोलीतून हाक आली. "ड्रायव्हर, ये. दारात उभी राहा. आत येऊ नकोस, मधोमध उभी राहा."

मी पदराला हात पुसत उभी राहिले. गाणं सुरू झालं, आणि खोली रुंद झाली. मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. डावीकडे एक गिटार उभी होती, उजवीकडे दुसरी, आणि मधल्या मोकळ्या जागेत वन्संचा गळा, आ करणार नाही म्हणत. दोन्ही गिटारी तेच वाजवत होत्या, पण दोन बायका बरोबर चालताना एकीचं पाऊल जरासं आधी पडतं तसं. तेवढ्याने अंगावर काटा आला. मग तिसरं कडवं. उजवीकडचं बोट घसरलं. तार नुसती खरखरली, सूर अर्धा मरून गेला, धडपडून परत आला आणि पुढे चालायला लागला. डावीकडची थांबली नव्हती.

हिवाळ्यातला तो रविवार मला आठवत होता, मी माइकपाशी बसले होते आणि वन्संनी बोट झटकलं होतं. मी भित्री, म्हटलं, "तेवढ्यापुरतं उजवीकडचं जरा हळू करा ना. चार सेकंदं."

त्यांनी सरकपट्टीवर हात ठेवला आणि त्या जागी उजवीकडची गिटार किंचित वर चढवली. "ऐकायचंच आहे तर नीट ऐकू दे," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी आम्ही काचवाल्याकडे गेलो. ह्या वेळी त्याने गाणं अर्ध्यात थांबवलं नाही. डोळे मिटून ऐकलं. मग पुन्हा लावलं. मग खुर्ची आमच्याकडे वळवली. "मॅडम, खरं सांगा, हे कोणाकडून करून घेतलंत?"

"दातांच्या लॅबमध्ये करून मिळतं," वन्सं म्हणाल्या.

तो हसला. "तीच रेकॉर्डिंग? पुन्हा वाजवलं नाहीत?"

"तीच."

"मी हरलो. हे यादीत जाणार, आणि पहिलं जाणार." मला नाचावंसं वाटत होतं. तोवर त्याने पडद्यावर गाण्याचा तो भाग मोठा केला. "फक्त हे एवढं. तिसऱ्या कडव्यात उजवीकडे बोट घसरलंय. दुसऱ्या कडव्यात हाच तुकडा नीट वाजलाय, तो उचलतो आणि इथे चिकटवतो. दोन मिनिटं. कोणाला कळणार नाही." त्याचा हात माउसवर गेलाही.

वन्संनी त्याच्या हातावर आपला डावा हात ठेवला. हळूच ठेवला, पण तो हलला नाही.

"ते बोट माझं आहे," त्या म्हणाल्या.

"हो, पण ते चुकलंय ना मॅडम."

"ते बधिर आहे. गेल्या हिवाळ्यात ते काही न झाकता शेवटचं वाजलं, आता वाजणार नाही. मी पुन्हा वाजवणार नाही म्हणाले होते ना, ते ह्यासाठी. तुम्ही कापताय तिथे ते मरत मरत सुरात परत आलंय, नीट ऐका. मला त्याची लाज वाटत होती. म्हणून मी गेन चढवला, थर चढवले, नक्कल केली. आता नाही वाटत. हात लावायचा नाही."

काचवाल्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर, असं काहीतरी.

"पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही मला घेतलं असतं. आज गाणं घेतलंत. आता खुशाल कळू दे."

त्याने माउस सोडला. त्या जागेला जसं होतं तसं ठेवलं, रेडिओला पाठवायचं पत्र उघडलं, गाणं जोडलं. "पाठवतो," म्हणाला.

"मी पाठवते," वन्सं म्हणाल्या.

त्या वाकल्या. उजवा हात मोकळा होता, तो त्यांनी पाठीमागे नेला. डाव्या हाताचं तिसरं बोट कीबोर्डवर ठेवलं आणि दाबलं. बोटाला काही कळलं नाही. दाबलं गेलं की नाही ह्याचा अंदाज येईना, म्हणून त्यांनी नेम धरून, ओठ घट्ट मिटून, पुन्हा जोरात दाबलं. पडद्यावर एकाखाली एक दोन ओळी आल्या. गाणं दोनदा गेलं होतं.

काचवाला म्हणाला, "दुसरं परत घेता येईल, थांबा."

"राहू द्या," वन्सं म्हणाल्या. "एकदा ऐकून नाही पटलं, तर पुन्हा ऐकतील."